नजरेची मंद झेप : जे. जे. रुग्णालयातील एका निरीक्षणाचा इतिहास

१/
१९७१ साली 'ब्रेन' या इंग्लंडमधील नामांकित नियतकालिकात मुंबईच्या दोन डॉक्टरांचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते नोशीर वाडिया आणि आर. के. स्वामी. नऊ कुटुंबांत वंशपरंपरेने चालत आलेल्या एका मेंदूविकाराचे त्यात वर्णन होते. चालताना तोल जाणे, बोलणे जड होणे, हातांच्या हालचाली बिघडणे ही लक्षणे वैद्यकाला जुनीच होती. नवी होती ती एकच गोष्ट : या रुग्णांचे डोळे एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे वळताना फार सावकाश हलत होते.

त्या निरीक्षणातून एका आजाराला स्वतंत्र ओळख कशी मिळाली, त्यामागचे जनुक पंचवीस वर्षांनी कसे सापडले, आणि याच आजारात बुद्धीवर होणारा परिणाम ओळखण्यास त्याहूनही अधिक काळ का लागला, त्याचा हा मागोवा. बीडसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या इतिहासाला काय मोल आहे, हेही त्यातून दिसेल.

२/
प्रथम बीड. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आजच्या अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद; हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची तेथे छावणी होती. मोठ्या आजारासाठी मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे हैदराबादचे उस्मानिया.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राजधानी बदलली तशी मोठ्या उपचारांची वाटही बदलली. आता ती औरंगाबादेवरून पश्चिमेकडे, सुमारे चारशे किलोमीटरवरच्या मुंबईकडे जाऊ लागली.

३/
मुंबईत त्या वाटेच्या टोकाला भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय होते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ पासून कार्यरत आहे.

१९५७ मध्ये नोशीर वाडिया इंग्लंडमधील प्रशिक्षण संपवून येथे रुजू झाले. १९२५ साली सुरतेत जन्मलेले वाडिया ग्रँट महाविद्यालयाचेच विद्यार्थी. मेंदूविकार ही स्वतंत्र शाखा तेव्हा देशात नुकतीच मूळ धरत होती. वेल्लोरला जेकब चांडी यांनी मेंदूवरील शस्त्रक्रियांचा विभाग १९४९ मध्ये सुरू केला होता, आणि न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना १९५१ ची. डॉक्टर मोजके, उपकरणे त्याहून मोजकी, आणि रुग्ण मात्र अर्ध्या देशातून येणारे, अशी ती परिस्थिती होती.

४/
वाडिया व स्वामी यांनी वर्णन केलेल्या आजाराची सुरुवात बहुधा तिशी-चाळिशीत होते. कधी त्याआधी, कधी नंतर. वळताना पाय अडखळतो. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. अक्षर बिघडते. जीभ जड होते. काही वर्षांत आधाराशिवाय चालता येत नाही, आणि शेवटी गिळणेही अवघड होते.

गावात या लक्षणांचा अर्थ कसा लावला जाई, याची कल्पना करणे कठीण नाही. झोकांड्या खात, जड जिभेने बोलत जाणारा मनुष्य दारू प्यायला आहे, असाच पहिला समज होतो. एकाच घरात आधी वडील, मग थोरला मुलगा, मग मुलगी असे आजारी पडू लागले की संशय दुसरीकडे वळतो. मराठवाड्यात भानामतीचा समज खोलवर रुजलेला होता. घराला शाप आहे, कुणीतरी काही केले आहे, अशी बोलवा झाली की त्या घरातली लग्ने अडत.

५/
बीडच्या संदर्भात याला आणखी एक बाजू आहे. या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मजुरीचा हिशेब 'कोयत्या'वर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या दोघांनी मिळून फेडायची.

उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणे हे तोलाचेच काम आहे. ज्याचा लहान मेंदू हळूहळू झिजत आहे, त्याला ते सर्वांत आधी जड जाते. डॉक्टरकडे जाण्याइतका आजार वाढण्यापूर्वीच अर्धा कोयता मोडतो आणि उचल मात्र पूर्ण उरते. म्हणून आजाराला नेमके नाव मिळणे हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नव्हता. नाव मिळाले तर 'दारुडा', 'कामचुकार' आणि 'शापित' हे तिन्ही शिक्के पुसण्याची शक्यता निर्माण होत होती.

६/
नाव देण्याचे काम युरोपात शतकभर आधी सुरू झाले होते. १८६३ मध्ये हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडराइख यांनी किशोरवयात सुरू होणारा, तोल घालवणारा एक आनुवंशिक आजार वर्णिला. १८९३ मध्ये पॅरिसच्या पिएर मारी यांनी दाखवून दिले की प्रौढ वयात सुरू होणारे अशा विकारांचे रुग्ण त्या चौकटीत बसत नाहीत. १९०० मध्ये देजेरीन आणि तोमा यांनी लहान मेंदू व त्याला जोडलेले मस्तिष्कस्तंभातील भाग झिजण्याच्या विकाराला एक लांबलचक शारीरशास्त्रीय नाव दिले.

त्यानंतर सत्तर वर्षे गोंधळ वाढतच गेला. प्रत्येक संशोधक आपल्याकडील कुटुंबाला नवे नाव देई. मृत्यूनंतर मेंदू पाहून केलेले वर्गीकरण जिवंत रुग्णाच्या उपयोगाचे नव्हते, कारण एकाच घरातील दोन भावांतही लक्षणे वेगवेगळी दिसत. आजारांची ही गुंतावळ सोडवायची तर जिवंत रुग्णात सहज दिसणारी एखादी ठळक खूण हवी होती.

७/
ती खूण डोळ्यांत होती. ती समजण्यासाठी निरोगी डोळे कसे हलतात, हे आधी पाहावे लागते.

वाचताना नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते, असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. नजर एका शब्दावर क्षणभर थांबते, मग उडी मारून पुढे जाते, पुन्हा थांबते. १८७० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमधील नेत्रतज्ज्ञ एमील जावाल यांच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट प्रथम काटेकोरपणे पाहिली गेली. या उडीला 'सॅकेड' असे नाव पडले. लगामाला दिलेला हिसका, असा त्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ. मराठीत तिला नजरेची झेप म्हणता येईल.

८/
ही झेप मानवी शरीरातील सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक आहे. वाचतानाची एक झेप सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात संपते. मोठ्या झेपेत डोळ्याच्या फिरण्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही पुढे जातो.

हा वेग देणाऱ्या चेतापेशी मस्तिष्कस्तंभातील 'पॉन्स' या भागात असतात. एरवी त्या शांत असतात. झेप घ्यायची वेळ आली की त्या एकदम संदेशांची सरबत्ती करतात आणि डोळ्याच्या स्नायूला जोरदार हिसका बसतो. गोफणीतून दगड सुटावा तसे हे घडते. नेमका किती जोर लावायचा, म्हणजे दगड लक्ष्यावर पडेल, ते लहान मेंदू ठरवतो.

लहान मेंदू बिघडला तर नेम चुकतो : नजर लक्ष्याच्या पुढे जाते किंवा मागे राहते. पॉन्समधल्या त्या पेशी झिजल्या तर गोफणच ढिली पडते : नजर लक्ष्यावर पोहोचते, परंतु सावकाश.

९/
वाडिया आणि स्वामी यांनी हाच फरक ओळखला. तोल जाणाऱ्या इतर अनेक रुग्णांत डोळे थरथरतात किंवा नेम चुकतात. या नऊ कुटुंबांत मात्र नजरेची झेपच मंद झाली होती. ही मंदता योगायोगाची नसून त्या कुटुंबांतील आजाराचेच अंग आहे, असे त्यांनी मांडले. त्यामुळे हा प्रकार इतरांपासून वेगळा काढता येतो, हा त्यांच्या निबंधाचा गाभा होता.

ही तपासणी करण्यास काय लागते? दोन बोटे. रुग्णासमोर डावीकडे एक आणि उजवीकडे एक बोट धरायचे, डोके स्थिर ठेवून त्याला आळीपाळीने दोन्हींकडे पाहण्यास सांगायचे. निरोगी माणसाचा डोळा एका टोकावर दिसतो आणि मग दुसऱ्या टोकावर. मधला प्रवास पाहणाऱ्याला जवळजवळ टिपता येत नाही. या आजारात डोळा वाटेने जाताना स्पष्ट दिसतो.

१०/
त्याच वर्षातील दुसरी एक घटना येथे लक्षात घेण्यासारखी आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात जगातील पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. कवटी न उघडता मेंदूचे चित्र पाहण्याचे युग तेथे सुरू झाले. भारतात ते यंत्र येण्यास अद्याप अवकाश होता.

मुंबईतला शोध याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. तेथे यंत्र नव्हते. घराण्याची वंशावळ काढण्याची चिकाटी आणि प्रत्येक रुग्णाच्या डोळ्यांकडे लक्षपूर्वक पाहण्याची शिस्त होती. यंत्राच्या अभावाचा गौरव करण्याचे कारण नाही. मात्र त्या वर्षीच्या स्कॅनने ही दोन आजारांमधली रेषा आखता आली नसती, हे खरे आहे. झिजलेला मेंदू चित्रात दिसला असता. झेप मंद झाल्याचे दिसले नसते.

११/
रुग्णाच्या बाजूने पाहता ही मंदता विलक्षण फसवी असते. दृष्टी चांगली असते. तक्ता वाचता येतो. चष्म्याचा नंबर बदलून फरक पडत नाही. पुष्कळदा रुग्ण डोळ्यांची तक्रारच करत नाही, कारण मेंदू पळवाटा शोधतो : नजर वळवण्याऐवजी माणूस संपूर्ण मान वळवतो, किंवा पापणी मिटून उघडतो आणि त्या आधाराने नजर हलवतो.

अडचण रोजच्या व्यवहारात उमटते. ओळ संपवून पुढच्या ओळीच्या आरंभी येताना जागा हरवते. रस्ता ओलांडताना एका बाजूकडून दुसरीकडे पाहीपर्यंत वाहन जवळ येते. बाजारात समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवण्यास वेळ लागतो, आणि लोकांना वाटते, हा ओळख दाखवत नाही.

१२/
निबंधानंतर वैद्यकीय जगाचे समाधान लगेच झाले नाही. मंद नजर हा स्वतंत्र आजार मानायचा की जुन्याच आजाराचा एक प्रकार, हा वाद राहिला. १९८२ मध्ये इंग्लंडच्या अनिता हार्डिंग यांनी प्रौढ वयातील आनुवंशिक तोलविकारांची लक्षणांवर आधारित नवी मांडणी केली. त्यामुळे गोंधळ बराच कमी झाला. तरीही एका मोठ्या गटाच्या पोटात अनेक वेगळे आजार दडलेले होते.

उत्तर आले ते मुंबईपासून फार दूर, क्यूबा बेटावरून. तेथील होल्गिन प्रांतात तोल जाणाऱ्या आणि मंद नजरेच्या रुग्णांची संख्या जगात सर्वाधिक होती. मोठमोठी कुटुंबे एकाच परिसरात राहत असल्याने आनुवंशिकतेचा माग काढणे शक्य झाले. १९९३ मध्ये या कुटुंबांच्या अभ्यासातून आजाराचे ठिकाण बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले. त्याला 'स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया प्रकार २', थोडक्यात एससीए-२ म्हणतात.

१३/
१९९६ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि जपान येथील तीन संशोधक गटांनी एकाच सुमारास ते जनुक शोधून काढले. त्यातील बिघाड मोठा विचित्र आहे. डीएनएच्या लिपीतील सी, ए आणि जी ही तीन अक्षरे या जनुकात एकापाठोपाठ पुन्हापुन्हा येतात. बहुतेक माणसांत ही पुनरावृत्ती २२ च्या आसपास असते. ती ३३ किंवा त्याहून अधिक झाली की आजार उद्भवू शकतो.

एकच शब्द नकलताना लेखनिकाचा हात अडकावा आणि तो शब्द पुन्हापुन्हा लिहिला जावा, तसा हा प्रकार आहे. पुढच्या पिढीत नक्कल उतरताना ही संख्या वाढू शकते, विशेषतः वडिलांकडून येताना. म्हणून बापाला पंचेचाळिशीत झालेला आजार मुलाला पंचविशीत गाठू शकतो. गावाला जो शाप अधिक कडक होत चालल्यासारखा वाटे, त्यामागे हे साधे गणित होते.

१४/
येथे मराठवाड्याशी संबंधित एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आनुवंशिक आजार म्हटला की नात्यातल्या लग्नाकडे, मामा-भाची किंवा आते-मामेभावंडांच्या विवाहाकडे बोट दाखवले जाते. काही आजारांच्या बाबतीत ते योग्य आहे : ज्यात आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, त्यांची शक्यता नात्यातल्या लग्नाने वाढते.

एससीए-२ त्या जातीचा नाही. येथे कोणाही एका पालकाकडून आलेले एक सदोष जनुक पुरेसे असते. प्रत्येक अपत्याला तो वारसा मिळण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो वा मुलगी, लग्न नात्यात झालेले असो वा परक्या गावात. ज्याला तो वारसा मिळालाच नाही, त्याच्यापुढे वंशात हा आजार जात नाही. सुनेच्या पायगुणाला किंवा सोयरिकीला दोष देण्यास येथे कोणताही आधार नाही.

१५/
जनुक हाती आल्यावर मुंबईतील जुन्या निरीक्षणाची परीक्षा घेणे शक्य झाले. १९९८ मध्ये वाडिया आणि त्यांचे सहकारी त्याच 'ब्रेन' नियतकालिकात परतले. सहा भारतीय कुटुंबांचा त्यांनी जनुकीय अभ्यास केला होता. त्या निबंधाच्या शीर्षकातच मंद नजरेचे निदानातील महत्त्व नमूद होते. १९७१ मध्ये बोटांच्या साह्याने केलेला भेद १९९८ मध्ये जनुकाच्या पातळीवर खरा ठरला होता. मध्ये २७ वर्षे गेली होती.

पुढे क्यूबातील संशोधकांनी नजरेच्या झेपेचा वेग यंत्राने मोजला. जनुकातील पुनरावृत्ती जितकी अधिक, तितकी झेप मंद, असे २००४ मध्ये त्यांनी दाखवून दिले. जनुक असलेल्या, पण अद्याप चालण्यात काहीच बिघाड नसलेल्या व्यक्तींतही हा वेग घटू लागलेला असतो, हेही नंतर कळले. भारतात आढळणाऱ्या या गटातील आजारांत एससीए-२ प्रमुख आहे. त्यामुळे या खुणेचे येथील महत्त्व मोठे आहे.

१६/
डोळ्यांची गोष्ट येथे पूर्ण होते. बुद्धीची गोष्ट येथे सुरू होते.

हालचालींचे विकार वर्णन करताना वैद्यकाची एक जुनी सवय दिसते. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी कंपवाताचे वर्णन केले, तेव्हा इंद्रिये आणि बुद्धी अबाधित राहतात असे नोंदवले. त्या आजारातील अनेकांना पुढे स्मृतिभ्रंश होतो, हे सर्वमान्य होण्यास फार काळ गेला. लहान मेंदूच्या आजारांतही तेच घडले. लहान मेंदू म्हणजे तोल आणि हालचालींचा सूत्रधार, विचारांशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत शतकभर टिकली. रुग्ण विसरतो, त्याला कामाचा क्रम लावता येत नाही, असे घरच्यांनी सांगितले तरी ते खिन्नतेचे किंवा वयाचे लक्षण समजले जाई.

१७/
१९९८ मध्येच, त्याच 'ब्रेन'मध्ये, अमेरिकेतील जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शर्मन यांचा निबंध आला. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत नियोजन, भाषा, अवकाशाचे आकलन आणि भावनांचे नियमन यांवर ठरावीक परिणाम होतात, असे त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी जर्मनीत एससीए-२ च्या रुग्णांची बौद्धिक चाचणी झाली. सुमारे चतुर्थांश रुग्णांत स्मृतिभ्रंश आढळला. ज्यांना स्मृतिभ्रंश नव्हता, त्यांच्यातही ऐकलेले शब्द लक्षात ठेवणे आणि कामाचे नियोजन करणे यांत उणीव दिसली.

हा अल्झायमरसारखा प्रकार नव्हे. त्यात माणूस कालचे जेवण, घरचा रस्ता, मुलांची नावे विसरतो. येथे ओळख बहुधा टिकते. कठीण होते ते एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे, चार गोष्टींचा क्रम लावणे, हवा तो शब्द वेळेवर आठवणे.

१८/
हे कळण्यास उशीर का झाला, याचे एक कारण पुन्हा डोळ्यांकडेच येते. बुद्धीच्या पुष्कळ चाचण्या वेगाच्या असतात. कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेषेने जोडा. एका मिनिटात शक्य तितके शब्द सांगा. चिन्हे पाहून अंक लिहा. ज्याची नजर कागदावर सावकाश फिरते, जीभ जड आहे आणि हात नेमका पडत नाही, तो या चाचणीत मागे पडणारच. मग उणीव विचारात आहे की नजरेत, जिभेत आणि हातात? संशोधकांना हे घटक वेगळे काढणाऱ्या चाचण्या निवडाव्या लागल्या; तेव्हा कुठे विचारांतील खरी उणीव स्पष्ट झाली.

ग्रामीण भागात त्यात आणखी एक अडथळा येतो. यांपैकी बहुतेक चाचण्या शाळेत गेलेल्या माणसासाठी घडवल्या आहेत. ज्याने आयुष्यात क्वचितच पेन्सिल धरली, त्याचे कमी गुण आजाराचे की न मिळालेल्या शाळेचे, हे चाचणी सांगत नाही. अशा वेळी घरच्यांची साक्ष महत्त्वाची ठरते : हिशेब पूर्वी कोण ठेवत असे, आणि आता कोण ठेवते?

१९/
या अज्ञानाने रुग्णांवर दोन परस्परविरोधी अन्याय झाले. पहिला अन्याय शहाण्याला वेडा ठरवण्याचा. बोलणे अडखळते आणि नजर संथ आहे, म्हणून समज कमी आहे असे गृहीत धरले गेले. घरातील निर्णय त्याला न विचारता होऊ लागले.

दुसरा अन्याय याच्या उलट. आजार फक्त पायांचा आहे, डोके ठीक आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. मग काम अर्धवट सोडणारा, पैशाचा मेळ न लागणारा, बियाणे आणायला जाऊन दुसरेच काही घेऊन येणारा माणूस आळशी आणि बेफिकीर ठरला. पहिल्यात त्याचा मान गेला, दुसऱ्यात त्याच्या अडचणीवरचा विश्वास. आजाराचे संपूर्ण वर्णन हाच या दोन्हींवरचा उपाय होता, आणि ते वर्णन पायांपासून डोळ्यांपर्यंत, डोळ्यांपासून बुद्धीपर्यंत टप्प्याटप्प्याने पुरे होत गेले.

२०/
निदानाने सर्व प्रश्न सुटले, असे नाही. या आजाराची झीज थांबवणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. नियमित व्यायाम, वाणीचे उपचार, गिळण्याची काळजी यांनी जगणे सुसह्य होते. लक्षणे नसतानाही रक्त तपासून भवितव्य जाणता येते. पण उपाय नसताना ते जाणून घ्यावे का, हा निर्णय ज्याचा त्याने, सज्ञान झाल्यावर आणि योग्य समुपदेशनानंतर घ्यायचा असतो. लग्न ठरवताना सासरच्यांनी मागायचा तो दाखला नव्हे. नवे ज्ञान जुन्या शिक्क्याचे काम करू लागले, तर भानामतीच्या जागी फक्त प्रयोगशाळेचा कागद येईल.

मंद नजरेची खूणही जपून वापरावी लागते. इतर काही आजारांतही डोळे मंद होतात. १९६४ मध्ये टोरंटोच्या डॉक्टरांनी वर्णिलेल्या एका विकारात वर-खाली पाहणे अवघड होते. म्हणून बोटांची तपासणी दिशा दाखवते आणि जनुकाची तपासणी त्यावर शिक्कामोर्तब करते.

२१/
वाडिया १९७३ पासून मुंबईच्या जसलोक रुग्णालयातही काम करू लागले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १० एप्रिल २०१६ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९७० च्या दशकाच्या मध्यात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याला आहे. स्वामीजी एके काळी याच गावातील योगेश्वरी विद्यालयात शिकवत असत. घोडदळाच्या छावणीचे मोमिनाबाद आता डॉक्टर घडवणारे गाव झाले, आणि बीडच्या रुग्णाला पहिल्या तपासणीसाठी हैदराबाद किंवा मुंबई गाठण्याची गरज उरली नाही.

२२/
१९७१ च्या निबंधाचे या जिल्ह्यापुरते मोल येथे आहे. मोठे स्कॅन, जनुकीय प्रयोगशाळा, विशेषज्ञ यांसाठी आजही शहराकडे जावे लागते. परंतु मूळ तपासणी बाह्यरुग्ण विभागातील कोणत्याही खुर्चीवर होऊ शकते. झोकांड्या खात आलेल्या माणसाच्या तोंडाचा वास घेण्याऐवजी त्याच्यासमोर दोन बोटे धरायची. घरात आणखी कोणाला असे झाले होते, हे विचारायचे. आणि नंतर, जे वैद्यक शतकभर विचारायला विसरले तेही विचारायचे : कामांचा क्रम लागतो का, हिशेब जमतो का, शब्द वेळेवर आठवतात का?

या साऱ्याला मिळून पाच मिनिटे लागतात.